लेखापालाची अर्हता : आरंभ कोणत्या पायरीपासून?

कोणत्याही व्यवसायाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे असतात. हा व्यवसाय आपल्याला मानवेल काय, हा पहिला. आणि त्याच्या शिक्षणाचा आरंभ कोठून करावा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा घरोघर होते. वडीलधारी माणसे, शिक्षक, शेजारी असे सारेच तीत भाग घेतात. दुसरा प्रश्न मात्र प्रवेश-अर्जातील एखाद्या रकान्यासारखा वाटतो, आणि बहुधा घाईघाईने भरला जातो. लेखापालाच्या व्यवसायात या घाईची किंमत वर्षांत मोजावी लागते. म्हणून या प्रकरणात आपण त्या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार करणार आहोत.

लेखाशास्त्राच्या व्यावसायिक परीक्षांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांत शिरण्याचे दरवाजे एकाहून अधिक असतात. वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासूनच शिकू लागतो; त्याला मधूनच दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. लेखापालाच्या बाबतीत तसे नाही. बारावी झालेली मुलगी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, विज्ञानाचा पदवीधर, दहा वर्षे एखाद्या पेढीत हिशेब लिहिलेला कारकून, हे सर्वजण एकाच अर्हतेकडे निघालेले असतात. परंतु त्यांच्या पाठीशी असलेली शिदोरी सारखी नसते. ज्याची शिदोरी मोठी त्याला आरंभीचा टप्पा वगळू द्यावा, हे न्याय्य आहे. पण शिदोरी मोठी आहे की नाही हे कोणी व कशावरून ठरवायचे? संस्था ते गुणपत्रिकेवरून ठरवते. विद्यार्थ्याने ते निराळ्या कसोटीवर ठरवायला हवे. या दोन कसोट्यांतील अंतर लक्षात न आल्यामुळेच अनेकांचे पाऊल चुकते.

पायऱ्यांचा इतिहास

आपल्या देशात हिशेबतपासणीचा व्यवसाय परीक्षेने बांधून घेण्याचा प्रयत्न शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले आणि वाणिज्याचे उच्च शिक्षण एका स्वतंत्र महाविद्यालयात मिळू लागले. १९१८ साली मुंबईतच लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू झाली. ती मिळवून मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केली, म्हणजे हिशेबतपासनीस म्हणून काम करता येई. अध्ययन, उमेदवारी आणि परीक्षा हे तिन्ही घटक या व्यवस्थेत आरंभापासूनच होते. स्वातंत्र्यानंतर संसदीय कामकाज पाहणाऱ्या संविधान सभेने सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ संमत केला आणि त्याच वर्षीच्या १ जुलैला भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. परिव्यय लेखापालांसाठी १९५९ साली, तर कंपनी सचिवांसाठी १९८० साली स्वतंत्र अधिनियम झाले.

या पुढच्या काळात सनदी लेखापालाच्या शिक्षणातील पहिली पायरी वारंवार बदलली गेली आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. २००१ मध्ये ‘व्यावसायिक शिक्षण परीक्षा – एक’ आली. २००६ मध्ये तिची जागा सर्वसामान्य प्रावीण्य चाचणीने घेतली; ही चाचणी दोनशे गुणांची आणि संपूर्णपणे वस्तुनिष्ठ होती, म्हणजे दिलेल्या पर्यायांपैकी योग्य त्यावर खूण करायची. २०१२ मध्ये ठरावीक गुण मिळवलेल्या पदवीधरांना ही चाचणी न देता पुढील टप्प्यात थेट प्रवेश देण्याची सोय झाली. २०१७ मध्ये चाचणी बंद होऊन ‘फाउंडेशन’ परीक्षा आली आणि काही विषयांत उत्तरे पुन्हा सविस्तर लिहावी लागू लागली. १ जुलै २०२३ पासून शिक्षण व प्रशिक्षणाची नवी योजना अमलात आली. तिच्यानुसार पहिल्या परीक्षा २०२४ च्या मे-जूनमध्ये झाल्या.

या सर्व बदलांच्या मुळाशी एकच वाद आहे. पहिली पायरी ही चाळण असावी की पाया? चाळण असेल तर अपात्रांना लवकर थांबवणे एवढेच तिचे काम. त्याला वस्तुनिष्ठ चाचणीही पुरते. पाया असेल तर तिने विद्यार्थ्याला लिहायला, मांडायला, कारणे द्यायला शिकवले पाहिजे. संस्थेचे आजचे उत्तर मधले आहे. ज्या विद्यार्थ्याला आपला आरंभ ठरवायचा आहे, त्याने हाच प्रश्न स्वतःपुरता विचारावा: मला येथे केवळ चाळणीतून पार व्हायचे आहे, की माझा पाया अजून घातला जायचा आहे?

आजची रचना

सनदी लेखापालाच्या आजच्या अभ्यासक्रमात तीन परीक्षा आहेत: फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. शेवटच्या दोहोंच्या मध्ये दोन वर्षांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. या प्रशिक्षणालाच व्यवहारात ‘आर्टिकलशिप’ म्हणतात.

फाउंडेशन परीक्षेत शंभर गुणांच्या चार प्रश्नपत्रिका असतात: लेखांकन, व्यवसायविषयक कायदे, गणित, तर्क व संख्याशास्त्र यांची मिळून एक, आणि व्यावसायिक अर्थशास्त्र. पहिल्या दोहोंत उत्तरे लिहावयाची असतात, नंतरच्या दोन वस्तुनिष्ठ असून चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर या परीक्षेस बसता येते. नोंदणीनंतर किमान चार महिने अभ्यासासाठी द्यावे लागतात.

इंटरमीजिएट परीक्षेत सहा प्रश्नपत्रिका दोन गटांत विभागलेल्या आहेत. पहिल्या गटात प्रगत लेखांकन, कंपनी व इतर कायदे आणि करआकारणी. दुसऱ्या गटात परिव्यय व व्यवस्थापन लेखांकन, लेखापरीक्षण व नीतितत्त्वे, आणि वित्तीय व व्यूहात्मक व्यवस्थापन. अभ्यासाचा किमान काळ आठ महिन्यांचा आहे. दोन्ही गट एकाच वेळी देता येतात किंवा एकेक करूनही. परंतु नव्या योजनेत एक महत्त्वाचा फरक झाला आहे. पूर्वी एक गट उत्तीर्ण झाला तरी प्रशिक्षणाला आरंभ करता येई, आणि थेट प्रवेश घेतलेल्या पदवीधराला तर परीक्षेपूर्वीच प्रशिक्षण सुरू करावे लागे. आता दोन्ही गट उत्तीर्ण झाल्याखेरीज आणि चार आठवड्यांचा माहिती-तंत्रज्ञान व प्रास्ताविक अभ्यासक्रम पुरा केल्याखेरीज कोणालाही प्रशिक्षणाला लागता येत नाही. काम शिकता शिकता पाया भरून काढण्याची जी सवड पूर्वी पदवीधराला मिळे, ती आता उरलेली नाही. आरंभाची पायरी जपून निवडण्याचे कारण त्यामुळे अधिकच बळकट झाले आहे.

उत्तीर्ण होण्याचा नियम तिन्ही पातळ्यांवर सारखाच आहे: प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि एकूण बेरजेत किमान ५० टक्के. हा दुहेरी नियम नीट समजून घ्यावा. फाउंडेशनच्या चारही विषयांत प्रत्येकी ४० गुण मिळवणाऱ्याची बेरीज १६० होते, आणि तो अनुत्तीर्ण ठरतो. कारण बेरीज २०० हवी. उलट तीन विषयांत ७० गुण आणि चौथ्यात ३८ मिळवणाऱ्याची बेरीज २४८ असूनही तोही अनुत्तीर्णच. एखादा विषय पूर्णपणे टाळून या परीक्षा पार करता येत नाहीत. शाळेत गणित सोडलेल्या विद्यार्थ्याने ही गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी.

थेट प्रवेशाच्या अटी अशा आहेत. ठरावीक वाणिज्यविषय घेऊन पदवी मिळवलेल्यांना किमान ५५ टक्के, इतर शाखांच्या पदवीधरांना किमान ६० टक्के गुण आवश्यक आहेत. त्याखेरीज परिव्यय लेखापाल किंवा कंपनी सचिव यांच्या संस्थांची मधली परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाही फाउंडेशन वगळता येते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांना तात्पुरती नोंदणी करता येते. या अटींत न बसणाऱ्या पदवीधराला फाउंडेशनपासूनच निघावे लागते.

एका टेबलाचा हिशेब

दोन पायऱ्यांमध्ये नेमके किती अंतर आहे, हे विषयांच्या नावांवरून कळत नाही. ‘लेखांकन’ आणि ‘प्रगत लेखांकन’ या शब्दांत केवळ एका विशेषणाचा फरक दिसतो. म्हणून एक साधे उदाहरण घेऊ.

एका दुकानदाराने वर्षाच्या पहिल्या दिवशी दुकानात वापरण्यासाठी २०,००० रुपयांचे टेबल रोखीने घेतले. कारकुनाने ती रक्कम ‘फर्निचर’ खात्याला नावे टाकण्याऐवजी ‘खरेदी’ खात्याला नावे टाकली. वर्षअखेर तेरीज काढली, तेव्हा दोन्ही बाजूंची बेरीज बरोबर जुळली. हिशेब बरोबर आहे काय?

तेरीज जुळली याचा अर्थ एवढाच की, जितके नावे टाकले तितकेच जमा झाले आहे. ते योग्य खात्याला टाकले की नाही, याबद्दल तेरीज काहीच सांगत नाही. येथे खरेदी २०,००० रुपयांनी फुगली आहे आणि तेवढ्यानेच नफा घटला आहे. दुसरीकडे, टेबल मालमत्तेत धरलेच नसल्यामुळे त्यावरचा घसाराही धरलेला नाही. घसारा १० टक्के असेल तर २,००० रुपये खर्च दाखवायचे राहून गेले. म्हणजे निव्वळ नफा एकूण १८,००० रुपयांनी कमी दिसतो आहे, आणि ताळेबंदात १८,००० रुपयांचे टेबल नाहीच. दुरुस्तीसाठी फर्निचर खाते २०,००० रुपयांनी नावे आणि खरेदी खाते तितक्याच रकमेने जमा करावे लागेल, नंतर घसारा आकारावा लागेल. हे फाउंडेशनच्या पातळीवरचे आकलन होय.

आता तेच टेबल वरच्या पायरीवर नेऊ. सुताराने किमतीवर ३,६०० रुपये वस्तू व सेवा कर लावला आणि वाहतुकीला १,००० रुपये पडले. टेबलाची पुस्तकी किंमत किती? कराची वजावट जर पुढे परत मिळणार असेल तर तो किमतीत धरायचा नाही; किंमत २१,००० रुपये होईल. वजावट मिळणार नसेल तर २४,६०० रुपये. आयकरासाठी कराच्या रकमेवरही घसारा मागितला, तर त्या कराची वजावट घेता येत नाही. दोन्ही लाभ एकाच रकमेवर मिळत नाहीत. टेबल वर्षात १८० दिवसांहून कमी काळ वापरले गेले असेल, तर आयकराच्या हिशेबात त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. दुकान कंपनीच्या मालकीचे असेल, तर कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात फर्निचरचे उपयुक्त आयुष्य दहा वर्षे धरलेले आहे, ते पाहावे लागेल. परिव्ययाच्या प्रश्नपत्रिकेत याच टेबलाचा घसारा निरनिराळ्या विभागांवर कसा वाटायचा हे विचारतील. आणि लेखापरीक्षणाच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न असा येईल: टेबल खरोखर आहे काय, ते या व्यवसायाच्याच मालकीचे आहे काय, आणि हे तुम्ही कोणत्या पुराव्यावरून ठरवाल?

इंटरमीजिएटच्या पुस्तकांत ‘तेरीज जुळली तरी हिशेब चुकलेला असू शकतो’ हे कोणी समजावून सांगत बसत नाही. ते विद्यार्थ्याला ठाऊक आहे असे गृहीत धरूनच पुढचे सारे उभे केलेले असते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला प्रत्येक पान कठीण वाटते. आणि दुर्दैव असे की, कठीण का वाटते याचे कारण त्याला सापडत नाही. तो अधिक पाने वाचतो, अधिक वर्गांना जातो. उणीव मात्र खालच्या पायरीवर असते. फायनलला तर सहावी प्रश्नपत्रिकाच अशी आहे की, पुस्तके जवळ ठेवून, अनेक विषय एकत्र गुंफलेल्या एका प्रकरणाचा उलगडा करायचा असतो. पुस्तक उघडण्याची मुभा असली तरी कोणते पान उघडावे हे ज्याचे त्यालाच कळावे लागते.

पात्रता आणि तयारी

यावरून दिसून येईल की, पात्रता आणि तयारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पात्रता नियमाने ठरते. तयारी माणसागणिक बदलते. चार कल्पित उमेदवारांचा विचार केला तर हे स्पष्ट होईल.

पहिली उमेदवार तिरुचिरापल्लीची, नुकतीच बारावी वाणिज्य उत्तीर्ण झालेली. तिच्यापुढे निवड नाही. फाउंडेशन हाच तिचा दरवाजा. मात्र तिने या पायरीला अडथळा समजू नये. या परीक्षेचा निकाल कडक असतो. जून २०२४ च्या परीक्षेत बसलेल्यांपैकी सुमारे १५ टक्केच उत्तीर्ण झाले. शाळेतील चांगल्या गुणांवर विसंबून दोन महिन्यांत उरकण्याची ही परीक्षा नव्हे.

दुसरा उमेदवार इंदूरचा, भौतिकशास्त्राचा पदवीधर, ६४ टक्के गुणांचा. नियमाने त्याला थेट प्रवेश मिळतो. गणित व संख्याशास्त्रात तो फाउंडेशनच्या पलीकडे आहे. परंतु रोजकीर्द आणि खतावणी त्याने पाहिलेलीही नाही. कराराच्या कायद्याचे एक पानही वाचलेले नाही. त्याची पात्रता पूर्ण आहे आणि तयारी अर्धी.

तिसरी उमेदवार गुवाहाटीची, वाणिज्य पदवीधर, ५२ टक्के गुणांची. आठ वर्षे एका घाऊक व्यापाऱ्याकडे संगणकावर हिशेब लिहिते, करांची विवरणपत्रे भरते. लेखांकनात तिचा हात बसलेला आहे. तरीही नियम तिला फाउंडेशनकडे पाठवतो. तिची तयारी पात्रतेहून मोठी आहे. मात्र अशा अनुभवी माणसाने एक गोष्ट तपासून पाहावी. संगणकाच्या प्रणालीत नोंद केली की खतावणी आणि तेरीज आपोआप तयार होतात. त्यामुळे वर्षानुवर्षे नोंदी करणाऱ्यालाही एखादी नोंद ‘नावे’ का आणि ‘जमा’ का, हे सांगता येईलच असे नाही. हाताची सवय आणि कारणाचे ज्ञान या दोन वस्तू आहेत. परीक्षा दुसरीची होते.

चौथा उमेदवार नांदेडचा, वाणिज्य पदवीधर, ५८ टक्के गुणांचा. ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ हा विषय तो मराठीतून शिकला आहे. घसारा, तेरीज, ताळेबंद या सर्व कल्पना त्याच्या डोक्यात पक्क्या आहेत. परंतु संस्थेची परीक्षा इंग्रजीतून किंवा हिंदीतून द्यावी लागते. मातृभाषेतून शिकलेल्या तमिळ, बंगाली किंवा गुजराती विद्यार्थ्याचीही हीच स्थिती. त्याला ज्ञानाचा नव्हे, परिभाषेचा उंबरठा ओलांडायचा आहे. थेट प्रवेश घेण्यास त्याला काही हरकत नाही. मात्र पहिले सहा-आठ आठवडे त्याने ओळखीचाच विषय नव्या भाषेत पुन्हा वाचण्यासाठी आणि विशेषतः लिहिण्यासाठी राखून ठेवावेत. कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत याचा उपयोग सर्वाधिक होतो.

काळाचा ताळेबंद

आता काळाचा हिशेब मांडू. बारावीनंतर फाउंडेशनच्या मार्गाने जाणाऱ्याला चार महिने, इंटरमीजिएटला आठ महिने, प्रशिक्षणाला चोवीस महिने आणि प्रशिक्षणानंतर फायनलपूर्वी सहा महिने, असे किमान ४२ महिने लागतात. पदवीनंतर थेट प्रवेश घेणाऱ्याला आठ, चोवीस आणि सहा मिळून ३८ महिने. त्यात पदवीची तीन वर्षे मिळवली तर बारावीनंतर ७४ महिने होतात. अर्थात त्याच्या हाती पदवी असते, आणि पहिल्या मार्गाने जाणाऱ्यालाही पदवीचा अभ्यास जोडीने करता येतो. हे सर्व आकडे एकही अपयश न येता पार पडले तरचे आहेत, आणि परीक्षांचे वेळापत्रक त्यांत आणखी काही आठवड्यांची भर घालते.

अपयशाची किंमत काय? २०२४ पासून फाउंडेशन आणि इंटरमीजिएट या परीक्षा वर्षातून तीनदा, म्हणजे साधारण चार महिन्यांच्या अंतराने होऊ लागल्या. म्हणून एका अपयशाची किंमत चार महिने. फाउंडेशनच्या अभ्यासाचा किमान काळही चार महिन्यांचाच. याचा अर्थ असा की, पाया नसताना तो टप्पा वगळून वाचवलेले चार महिने इंटरमीजिएटच्या पहिल्याच अपयशात खर्ची पडतात. दुसऱ्या अपयशापासून तोटा सुरू होतो. घरातील एका माणसाच्या मिळकतीवर शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा तोटा केवळ महिन्यांचा नसतो. शुल्क, शिकवणी, परगावी राहण्याचा खर्च यांची भर पडते आणि धीर खचतो तो निराळाच. अनेक बुद्धिमान विद्यार्थी हा मार्ग सोडतात, ते विषय झेपला नाही म्हणून नव्हे, तर विषयाची ओळख चुकीच्या पानापासून झाली म्हणून.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. ज्याला खालची पायरी खरोखर नको आहे, त्याने केवळ भीतीपोटी ती चढण्यात अर्थ नाही. पदवी परीक्षेसाठी कंपनी लेखांकन, परिव्यय आणि आयकर मनापासून शिकलेल्या विद्यार्थ्याला फाउंडेशनमध्ये नवे फार थोडे सापडेल. कंटाळा हाही अभ्यासाचा शत्रूच आहे.

स्वतःची परीक्षा

मग ठरवावे कसे? इतरांचा सल्ला घ्यावा, परंतु त्याआधी स्वतःची परीक्षा घ्यावी. एका सुट्टीच्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन, पुस्तक मिटून पुढील पाच गोष्टी करून पाहाव्यात.

एक: एखाद्या दुकानाची तेरीज घेऊन, अखेरचा माल, देणे असलेली मजुरी, आगाऊ भरलेला विमा आणि घसारा यांचे समायोजन करून नफा-तोटा पत्रक व ताळेबंद तयार करावा.

दोन: रोकडवहीतील बँकेची शिल्लक आणि बँकेच्या उताऱ्यातील शिल्लक यांत फरक का पडतो याची निदान चार कारणे सांगून मेळपत्रक बनवावे.

तीन: भागीदारीत नवा भागीदार आला असता नावलौकिकाची रक्कम जुन्या भागीदारांत कोणत्या प्रमाणात वाटायची व का, हे लिहावे. उत्तर ‘त्याग प्रमाणात’ एवढेच नव्हे; ‘का’ याला महत्त्व आहे.

चार: १०,००० रुपये दरसाल ८ टक्के चक्रवाढ व्याजाने दोन वर्षांत ११,६६४ रुपये होतात, हे काढावे; आणि नंतर उलट प्रश्न सोडवावा: दोन वर्षांनी मिळणाऱ्या ११,६६४ रुपयांची आजची किंमत किती? जो दुसऱ्या प्रश्नाला अडखळत नाही, त्याला वित्तीय व्यवस्थापनाची किल्ली मिळालेली आहे.

पाच: अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार मुळातच शून्य असतो, हे तत्त्व १९०३ साली मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले. अशा मुलाला विश्वासाने माल उधार दिलेल्या दुकानदाराची बाजू काय, हे दहा ओळींत सुसंगत लिहावे.

पाचांपैकी चार गोष्टी निर्वेधपणे जमल्या, तर पात्र असलेल्याने निःशंक थेट प्रवेश घ्यावा. दोन किंवा तीन जमल्या, तर एक मधला मार्ग आहे: नोंदणी थेट इंटरमीजिएटसाठी करावी, परंतु पहिले दोन-तीन महिने फाउंडेशनच्या लेखांकनाच्या व कायद्याच्या पुस्तकांना द्यावेत आणि त्या हिशेबाने परीक्षेचे सत्र एकाने पुढे ढकलावे. संस्थेचे अभ्याससाहित्य तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे यासाठी वेगळी नोंदणी करण्याची गरज नाही. इंदूरच्या पदवीधराला हाच मार्ग सर्वांत सोयीचा. एखादीच गोष्ट जमली, तर पात्रता असूनही फाउंडेशनपासून आरंभ करण्याचा गंभीरपणे विचार करावा. नियमाने दिलेली सूट ही सवलत आहे. ती घेतलीच पाहिजे असे बंधन नाही.

इतर शिड्या

सनदी लेखापाल ही एकच अर्हता नव्हे. परिव्यय लेखापालांच्या संस्थेतही फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल अशाच तीन पायऱ्या आहेत. परंतु तेथे ललित कला वगळता कोणत्याही शाखेच्या पदवीधराला गुणांच्या टक्केवारीची अट न घालता इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. गुवाहाटीच्या उमेदवाराला ही वाट खुली आहे. शिवाय तेथील इंटरमीजिएट उत्तीर्ण झाल्यास सनदी लेखापालाच्या इंटरमीजिएटचा दरवाजाही तिला उघडतो. कारखान्यातील उत्पादनखर्चाच्या कामात ज्याला रस आहे, त्याच्यासाठी तर ती स्वतंत्र आणि पूर्ण अर्हता आहे. केवळ वळसा घालण्याचा रस्ता म्हणून तिच्याकडे पाहणे अन्यायाचे होईल.

ब्रिटनमध्ये लेखातंत्रज्ञांची एक संघटना १९८० साली स्थापन झाली. तिच्या अर्हतेत दुसरी, तिसरी आणि चौथी अशा पातळ्या आहेत. प्रारंभाच्या पातळीला औपचारिक शिक्षणाची अट नाही. ज्याला आधीचे ज्ञान किंवा अनुभव आहे, तो तिसरीपासून आरंभ करू शकतो. तेथे प्रवेशापूर्वी स्वतःची कौशल्ये तपासून पाहण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे दारावर गुणपत्रिका पाहतात, तेथे काय येते हे पाहण्यावर भर असतो. दोन्ही पद्धतींना आपापले गुणदोष आहेत. गुणपत्रिका सर्वांना सारखाच न्याय देते, पण माणूस पाहत नाही. स्वपरीक्षा माणूस पाहते, पण तिच्यात मनुष्य स्वतःचीच फसवणूक करू शकतो. शहाण्या विद्यार्थ्याने दोहोंचा उपयोग करावा.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सनदी लेखापाल झाल्यानंतर कोणीही विचारत नाही की, तुम्ही कोणत्या पायरीपासून निघालात. प्रमाणपत्रावर त्याची नोंद नसते. परंतु ज्या दिवशी एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर तो आपली सही करतो, त्या दिवशी त्या सहीवर विसंबून अनोळखी माणसे आपली बचत गुंतवतात, बँका कर्जे देतात, कामगार आपल्या बोनसचा हिशेब करतात. जुळलेली तेरीज पाहून समाधान मानणारा आणि जुळलेल्या तेरजेतही चूक शोधणारा, यांतील भेद त्या दिवशी त्यांच्या नफानुकसानीचा विषय होतो. तो भेद पहिल्या पायरीवर शिकायचा असतो. ज्याने तो आधीच आत्मसात केला आहे त्याने पुढे जावे. ज्याने केलेला नाही त्याने चार महिने थांबावे. त्या चार महिन्यांचा हिशेब पुढे आयुष्यभर जमेच्या बाजूला राहतो.